नागपुरात सायबर सुरक्षा आणि ओपन सोर्सवर मोफत परिषद : तिकीट लावावं की नाही?

सीताबर्डीकर
मंडळी,
येत्या हिवाळ्यात नागपुरात एक दिवसाची परिषद घ्यायचं आम्हा काही जणांच्या मनात आहे. विषय दोनच : सायबर सुरक्षा आणि ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो असं सॉफ्टवेअर. आमच्यात मिहानमध्ये नोकरी करणारे आहेत, कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, बाकी इंजिनिअरिंगची मुलं.

पुण्यात, बंगळुरात अशा कार्यक्रमांची वानवा नाही. 'नल'सारख्या सायबर सुरक्षावाल्या गटाच्या तिकडे मोफत बैठका होतात, त्यांचीच नलकॉन ही परिषद २०१० पासून गोव्यात भरते. पण गोंदियाच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाने तिथवर जायचं म्हणजे रेल्वेचं भाडं, राहणं, खाणं, आणि मोठ्या परिषदेचं प्रवेशशुल्क वेगळं. मग ही मुलं जातात कुठे? गल्लोगल्ली 'एथिकल हॅकिंग'चे क्लास निघालेत तिथे. भरमसाट फी, दोन-चार तयार टूल चालवून दाखवायची आणि शेवटी चकचकीत प्रमाणपत्र हातात द्यायचं. बाहेर पडलेल्या मुलाला दोन संगणकांमधलं साधं टीसीपी कनेक्शन कसं जुळतं विचारा, सांगता येत नाही. ह्याचा मला मनापासून राग येतो, कारण मुलं हुशार आहेत आणि शिकायला लागणारं जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याचा कोडही उघडा आहे.

गाडी अडलीय ती पैशावर. चमूतल्या निम्म्यांचं म्हणणं, शंभर रुपये तरी लावा, फुकटच्या गोष्टीची किंमत राहत नाही. माझं म्हणणं, एक रुपयाही नको. ज्यांनी असे कार्यक्रम केलेत त्यांनी अनुभव सांगा. जागा, तारीख, भाषा ह्यांवरही लिहा.

तर्रीदार
सकाळी तर्री-पोहे असतील तर माझं नाव पहिलं लिहा. विषय नंतर कळवला तरी चालेल.

मिहानवाला
शंभर रुपयेवाल्यांतला मी. बाजू मांडतो.

मागे आम्ही काही सहकाऱ्यांनी मिळून एक मोफत कार्यशाळा घेतली होती. नोंदणी इतकी झाली की फॉर्म बंद करावा लागला. त्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. डाळकांद्याचं पातेलं भरलेलं, पोळ्यांची चळत तशीच. संध्याकाळी सगळं एका वसतिगृहात नेऊन दिलं म्हणून अन्न तरी वाया गेलं नाही. पण जागा संपली म्हणून ज्यांना नाही म्हटलं होतं, त्यांतली कितीतरी मुलं खरंच आली असती. त्यांची जागा न येणाऱ्यांनी अडवली.

म्हणून म्हणतो, शंभर रुपये अनामत घ्या आणि दारात आलेल्याला परत द्या. कमाई नको, फक्त येणाऱ्याचा शब्द पक्का व्हावा.

वर्धेकर
मिहानवाला, दुखणं खरं आहे, औषध पटलं नाही.

अनामत परत करायची म्हणजे दारात रांग. एकाचं यूपीआय अडकलेलं, दुसऱ्याचे दोनदा कापले गेलेले, तिसऱ्याने मित्राच्या फोनवरून भरलेले. स्वयंसेवकांची अख्खी सकाळ ह्यातच जाते. शिवाय पैसे घेणार कोणाच्या खात्यात? संस्था नोंदलेली नसेल तर कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात, आणि मग वर्षभर त्या बिचाऱ्यावर संशय.

ब्रसेल्सला फॉसडेम ही ओपन सोर्सवाल्यांची परिषद भरते. विद्यापीठाच्या आवारात, हजारो लोक येतात. तिकीट तर नाहीच, नावनोंदणीसुद्धा नाही. या, बसा. खोली भरली की दारावर 'भरली' अशी पाटी लागते. खर्च देणग्या आणि प्रायोजकांवर चालतो. जेवण मात्र ज्याचं त्याने विकत घ्यायचं. आपल्या भांडणाचं उत्तर ह्यातच आहे असं मला वाटतं. नुकसान रिकाम्या खुर्चीने होत नाही, वाया गेलेल्या ताटाने होतं. प्रवेश फुकट ठेवा, जेवण कूपनावर ठेवा.

धरमपेठी
वर्धेकरांना अनुमोदन. कूपन आदल्या दिवशीपर्यंत विकायचं, तेवढंच अन्न सांगायचं. ज्याला परवडत नाही त्याने स्वयंसेवकाला हळूच सांगावं, त्याला तसंच कूपन द्यावं, कारण विचारू नये.

काटोलरोड
मूळ प्रश्नच विचारतो. सुरक्षा आणि ओपन सोर्स ही खिचडी कशाला? सुरक्षेचं एक जग, लिनक्सवाल्यांचं, म्हणजे ओपन सोर्सवाल्यांचं, दुसरं. एकावर नीट लक्ष द्या की.

रात्रपाळी
@काटोलरोड, मी सर्व्हर सांभाळतो. माझ्यासाठी ही दोन जगं नाहीत. एक्सझेडचं प्रकरण थोडक्यात सांगतो, मग बघा.

एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी छोटीशी लायब्ररी, म्हणजे बाकीचे प्रोग्राम वापरतात तो तयार कोड. जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. बरीच वर्षं ती मुख्यतः एकटा लासे कॉलिन सांभाळत होता, कामधंदा बघून, बिनपगारी. २०२१ च्या सुमाराला 'जिया टॅन' नावाने कोणीतरी मदतीला आलं. चांगले पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) दिले, विश्वास कमावला. त्याच काळात काही अनोळखी नावांनी मेलिंग लिस्टवर कॉलिनच्या मागे तगादा लावला : काम हळू चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या. त्याने आपल्या मानसिक आरोग्याच्या तक्रारीबद्दल मोकळेपणाने लिहिलं होतं, तरी तगादा थांबला नाही. शेवटी जिया टॅनला अधिकार मिळाले आणि २०२४ च्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. तोही कसा, तर संपूर्ण सांगाडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांसमोरच्या कोडच्या नोंदवहीत, दिसणारच नाही असा. एक तुकडा फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (आवृत्तीच्या बांधलेल्या गठ्ठ्यात), बाकीचा माल चाचणीच्या फाइलींत दडवलेला.

पकडला कोणी? अँड्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस ह्या डेटाबेसवर काम करणारा माणूस. डेबियन ह्या लिनक्सच्या 'अनस्टेबल' (सिड) आवृत्तीवर एसएसएचने, म्हणजे दुरून, लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच तापतोय, हे त्याच्या नजरेत आलं. त्याने सोडून दिलं नाही, खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. कोड उघडा होता म्हणून त्याला खणता आलं. पण तो उघडा कोड एकाच थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होता म्हणूनच हल्लाही जमला. ह्या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत बसून बोलल्या नाहीत तर परिषद घेऊन काय उपयोग?

माझी एक मागणी आहे. दिवसातलं एक सत्र असं ठेवा की त्यात मुलांनी प्रत्यक्ष एखाद्या लहान प्रकल्पाला हातभार लावावा. मराठी भाषांतर असेल, कागदपत्रं असतील, एखादा बग पुन्हा घडवून दाखवणं असेल. सांभाळणाऱ्याला दुसरा हात मिळणं ही सुरक्षाच आहे.

काटोलरोड
पटलं. खिचडी कायम ठेवा.

पुणेरी_पेंग्विन
पुण्याहून शुभेच्छा. प्रायोजकांबद्दल माझं ठाम मत आहे : पैसे घ्या, व्यासपीठ देऊ नका. एकदा का 'मुख्य प्रायोजकाचं बीजभाषण' आत घुसलं की अर्धा तास फायरवॉलची जाहिरात ऐकावी लागते. लास व्हेगासचं बीसाइड्स हे सुरक्षा संमेलन २००९ मध्ये सुरू झालं ते ब्लॅक हॅट ह्या मोठ्या सुरक्षा परिषदेत ज्यांची भाषणं जागेअभावी बसली नाहीत त्यांच्यासाठी. चांगलं बोलणारे लोक नाकारले जातात, ही जाणीव त्या चळवळीच्या मुळाशी आहे. बोलणाऱ्याची निवड करताना प्रस्तावावरून नाव आणि कंपनी झाकून वाचा. प्रस्ताव मागवायला प्रीटॅल्क्स हे सॉफ्टवेअर वापरा, तेही ओपन सोर्सच आहे, त्यात ही सोय होते.

आणि पैसे हातात घेऊच नका. सभागृहाचं भाडं एका प्रायोजकाने परस्पर भरायचं, चहावाल्याचं बिल दुसऱ्याने. तुम्ही फक्त कोणी काय भरलं ते सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवायचं.

तर्रीदार
पुण्याहून शुभेच्छा आल्या, सोबत सूचनाही आल्या. आता दुपारी एक ते चार परिषद बंद ठेवा अशी मागणी येऊ नये म्हणजे मिळवलं.

पुणेरी_पेंग्विन
तर्रीदार :हाहा: मी येतोय, माझी व्यवस्था तुमच्याकडेच.

जुना_मोडेम
जागा आणि नेटवर्क ह्यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. लांब होईल, पण कार्यशाळा इथेच बुडतात.

कॉलेजचं वायफाय म्हणजे बहुतेक ठिकाणी एक राउटर आणि त्याचं ठरीव सेटिंग. त्या नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त २५४ पत्ते. तुमच्याकडे दीडशे माणसं आली, प्रत्येकाचा एक फोन आणि एक लॅपटॉप, म्हणजे तीनशे उपकरणं. साडेदहापर्यंत पत्ते संपतात. मग उशिरा आलेल्याला 'कनेक्टिंग' एवढंच दिसत राहतं आणि सगळे म्हणतात इंटरनेट स्लो आहे. इंटरनेटचा त्यात काही दोष नसतो. चहाला बाहेर गेलेल्याचा पत्तासुद्धा दिवसभर अडकून राहतो, कारण पत्ता देण्याची मुदत चोवीस तासांची ठेवलेली असते. ती अर्ध्या तासावर आणा आणि नेटवर्क मोठं करा, सेटिंगमध्ये नेटवर्कचा आकार /२२ केला की हजारावर पत्ते मिळतात.

दुसरं, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. एकाच हॉलमध्ये पाच राउटर ठेवले तर ते एकमेकांचा आवाज दाबतात. शक्य तेवढी उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर ढकला.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं : कार्यशाळेला इंटरनेट लागूच देऊ नका. ज्यूस शॉप किंवा डीव्हीडब्ल्यूए ही मुद्दाम भोकं ठेवलेली ॲप सरावासाठीच बनवलेली आहेत. ती एका लॅपटॉपवर चालवा आणि खोलीतल्या खोलीत सगळ्यांना त्यावर हात साफ करू द्या. डॉकरच्या इमेज (ही ॲप चालवायची तयार पॅकेटं) आधीच पेनड्राइव्हवर घ्या. आणि पेनड्राइव्ह वाटताना फळ्यावर फाइलीचा एसएचए-२५६ चा आकडा लिहा (फाइल बदलली की तो बदलतो), प्रत्येकाकडून तपासून घ्या. आपल्या परिषदेत वाटलेली फाइल न तपासता चालवली तर तो धडा तिथेच फुकट गेला.

सभागृहात खुर्च्यांना प्लग नसतात. एक्स्टेन्शन बोर्ड आणि वायरवर चिकटवायची रुंद टेप ह्यांची यादी आजच करा. कोणी अडखळून पडलं तर त्या टेपची आठवण येते.

मिहानवाला
मोडेमकाका, हे सगळं एका पानावर लिहून द्या, आम्ही तसंच करतो. ट्रायल आदल्या दिवशी की सकाळी?

जुना_मोडेम
आदल्या दिवशी संध्याकाळी. सकाळी ट्रायल घेऊन चूक सापडली तरी दुकान उघडलेलं नसतं.

वकीलसाहेब
कायद्याचं एक कलम व्यासपीठावरून पहिल्या दहा मिनिटांत सांगा. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ : मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सरकारने 'संरक्षित' म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेत हात घातला तर कलम ७०, तिथे दहा वर्षांपर्यंत.

हे घाबरवायला नाही लिहीत. एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. कॉलेजच्या निकालाच्या पानावर पत्त्यातला एक आकडा बदलला की दुसऱ्याची गुणपत्रिका दिसते, हे त्याने शोधलं होतं. हेतू चांगला, पण त्याने चार मित्रांच्या गुणपत्रिका उतरवून ग्रुपवर टाकल्या. प्रकरण पोलिसांपर्यंत जाता जाता राहिलं. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं की एक पुरावा पुरतो, दुसऱ्याची माहिती उतरवायची नाही, लेखी कळवायचं, आणि संस्था ऐकत नसेल तर सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवता येतं. परिषदेत ह्या विषयावर एक तास द्या. कार्यशाळेच्या दारावर ठळक लिहा : सराव फक्त दिलेल्या यंत्रावर.

रामटेकची_सून
वकीलसाहेब, हे आमच्या मुलीलाच सांगायला हवं आहे. ती बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ह्याच वेडात आहे. छान प्रतिसाद.

शंकरनगर
धागाकर्त्याने ज्या मॅडम म्हटल्या त्या मीच. मुलींबद्दल लिहिते.

संध्याकाळी सातला संपणारा कार्यक्रम म्हटलं की चंद्रपूरच्या, यवतमाळच्या मुलींची नावं घरूनच कापली जातात. म्हणून साडेनऊला सुरू आणि पाचला बंद, ह्यावर मी अडून आहे. जागा मेट्रोच्या पायी अंतरावर हवी. ॲक्वा लाइनवर झाशी राणी चौकापासून एलएडी चौकापर्यंत कॉलेजं आणि लहान सभागृहं आहेत, आणि सीताबर्डीला गाडी बदलून ऑरेंज लाइननेही पोचता येतं. रेशीमबागेचं सुरेश भट सभागृह आपल्याला फार मोठं, दीडशे माणसं त्यात हरवून जातील. स्वच्छतागृह आधी स्वतः जाऊन बघायचं, फोटोवरून ठरवायचं नाही.

आचारसंहिता लेखी हवी आणि तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावं बॅजच्या मागे छापायची, त्यांत एक बाई असावी. ज्यांना फोटो नको त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाची फीत. आणि नोंदणीच्या फॉर्मात फक्त नाव आणि ईमेल. जन्मतारीख, पत्ता, आधार काहीही नको. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आपण तिथे शिकवणार, मग आपलाच फॉर्म तसा हवा. कार्यक्रम झाला की यादी पुसायची, आणि पुसली हे कळवायचं.

गोंदियाएक्सप्रेस
मॅडम, पाचची वेळ आमच्यासाठीपण बरी. रात्री उशिरा स्टेशनावर बसून राहा लागते.

भाषेचं काय ठरून राहिलं? आमच्याकडचे पोट्टे इंग्रजीत भाषण चालू झालं की मागच्या बाकावर जाऊन बसतात. येत नाही असं नाही, प्रश्न विचारायला जीभ अडखळते.

धरमपेठी
नागपूर आहे, अर्धी खोली हिंदीच बोलेल. मराठी-हिंदी दोन्ही चालू द्या.

रात्रपाळी
स्लाइड इंग्रजीत, बोलणं मराठीत, प्रश्न ज्याला ज्या भाषेत सुचेल त्यात. 'बफर ओव्हरफ्लो'ला प्रतिशब्द शोधत बसू नका, पण तो घडतो कसा हे मराठीत सांगा. पोस्टर इंकस्केपमध्ये करा, मुक्ता फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे आणि देवनागरीत सुरेख दिसतो.

मानेवाडा
तारीख? डिसेंबरात करू नका. हिवाळी अधिवेशन असलं की हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, आणि पोलीस बंदोबस्तात. पाहुण्या वक्त्यांचे हाल होतील. त्याच सुमाराला परीक्षाही असतात. एप्रिलनंतर तर विषयच नको, ऊन.

सीताबर्डीकर
मग जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. संक्रांत टाळून.

आजोबा_त्रिमूर्तीनगर
मी संगणकातला नाही, बँकेतून निवृत्त. तरी बोलतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एका सद्गृहस्थांना 'डिजिटल अरेस्ट' म्हणून घाबरवून दोन दिवस फोनच्या व्हिडिओसमोर बसवून ठेवलं होतं. अशी अटक कायद्यात नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या परिषदेत आमच्यासाठी एखादा तास आहे का?

काटोलरोड
काका, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण मग परिषद सगळ्यांसाठी सगळं होईल. तांत्रिक मुलांना खोलात शिरायचंय.

रात्रपाळी
काटोलरोड, इथे मात्र असहमत. सुरक्षा शिकून करायचं काय, जर आपल्याच घरातल्या माणसाला १९३० ह्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा हे माहीत नसेल? पैसे गेल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे असतात, तेवढ्यात कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता राहते.

शंकरनगर
लहान खोलीत समांतर सत्र ठेवू. आणि ते मुलांनीच घ्यावं, वडिलधाऱ्यांना समजेल अशा भाषेत. ज्याला हे नीट सांगता येतं त्याला विषय कळलाय असं समजायचं. आजोबा, तुमच्या मंडळातून किती जण येतील ते कळवा, खाली तळमजल्यावरची खोली बघते.

आजोबा_त्रिमूर्तीनगर
वीसेक जण नक्की. चहा आम्ही आमचा आणू.

तर्रीदार
आजोबा, चहा आणू नका, आमच्यासोबत घ्या.

नवा_कर्नल
मी तिसऱ्या वर्षाला आहे, अमरावतीला. आजवर वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय. मला बोलायचं आहे पण मोठ्या लोकांसमोर कसं बोलणार? विषय : वायरशार्क ह्या नेटवर्क तपासायच्या टूलने घरच्या स्मार्ट बल्बचं बोलणं ऐकलं. तो कुठल्या कुठल्या सर्व्हरशी किती वेळा बोलतो ते मी मोजलंय.

पुणेरी_पेंग्विन
हे तर मला ऐकायचंच आहे! स्वतःच्या घरची वस्तू, स्वतः मोजलेलं, परवानगीचा प्रश्नच नाही. वीस मिनिटांचं कर. आधी एकदा ऑनलाइन माझ्यासमोर बोलून बघ, मी ऐकतो.

जुना_मोडेम
कर्नल, पहिल्या स्लाइडवर मांडणीचं चित्र टाक. बल्ब, राउटर, लॅपटॉप कोण कुठे जोडलंय. बाकी आपोआप समजेल.

मिहानवाला
मूळ प्रश्नाकडे येतो. फॉसडेमचा मुद्दा आणि हा अमरावतीचा मुलगा, दोन्ही वाचून अनामतीचा हट्ट सोडतो. पण एक अट : कार्यशाळेच्या चाळीस जागांसाठी नोंदणी हवीच, तिथे लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह मोजून असणार. पैसे नकोत, पण नाव नोंदवताना दोन ओळी लिहाव्या लागतील : हे का शिकायचंय? जो दोन ओळी लिहील तो येईल. आणि सत्र सुरू होऊन दहा मिनिटांत आला नाही तर जागा दारात उभ्या असलेल्याला.

वर्धेकर
मान्य. मुख्य सभागृहाला नोंदणी नाही, कार्यशाळेला दोन ओळी, जेवणाला कूपन.

सीताबर्डीकर
असंच करू. ह्या शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी भेटू, जागा व्यक्तिगत निरोपात कळवतो. वकीलसाहेब, त्या एका तासाचं सत्र तुम्हीच घ्याल का? रात्रपाळी, हातभाराच्या सत्रासाठी तीन-चार लहान प्रकल्पांची नावं आणा, ज्यांचे सांभाळणारे नवख्यांना उत्तर देतात असे. पुढचा महिनाभर प्रस्ताव मागवू.

वकीलसाहेब
घेतो. मानधन नको, पण प्रश्नोत्तराला निम्मा वेळ द्या.

मानेवाडा
सभागृह बघायला कोण जातंय? माझी गाडी आहे, रविवारी सकाळी मोकळा आहे.

शंकरनगर
मी येते. मोजपट्टी घेऊन या, प्रोजेक्टरपासून शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर लागेल.

जुना_मोडेम
आणि भिंतीतले किती प्लग खरंच चालतात ते टेस्टरने बघून या. माझा टेस्टर शनिवारी मानेवाडांना देतो.